घरी गेमिंग पीसी जुळवताय? आमच्या टेबलावर रोज येणारे प्रश्न

सांगलीत विश्रामबागेतल्या एका गाळ्यात मी पीसी दुरुस्त करतो आणि जुळवून देतो. गेल्या काही वर्षांत एका नव्या प्रकारचं गिऱ्हाईक वाढलंय, पिशवी घेऊन येणारं. पिशवीतले सगळे पार्ट नवेकोरे, सेल लागेल तसे एकेक करून घेतलेले. मागच्या दिवाळीनंतर मिरजेहून एक मुलगा असाच आला. प्रोसेसर चांगला, बोर्ड (मदरबोर्ड) चांगला, रॅमही चांगली. पण रॅम डीडीआर४ आणि बोर्ड त्यापुढच्या पिढीच्या रॅमचा, म्हणजे डीडीआर५चा. स्लॉटवर धरून बघितली तर खाच किंचित बाजूला. "दादा, जरा दाबून बघूया का?" तो म्हणाला. खालची उत्तरं अशाच पिशव्या उघडता उघडता जमलेली आहेत.

खरेदीची सुरुवात कुठल्या पार्टपासून करायची?

मॉनिटरपासून. दहातले नऊ जण प्रोसेसरपासून करतात आणि तिथंच गणित फिसकटतं. १०८०पी स्क्रीनवर एका चित्रात साधारण २०.७ लाख ठिपके असतात, १४४०पीवर ३६.९ लाख, आणि फोरकेवर जवळपास ८३ लाख. हे ठिपके रंगवायचं काम ग्राफिक कार्डाचं. म्हणजे स्क्रीन ठरली की कार्ड ठरतं, कार्ड ठरलं की एसएमपीएस (सगळ्या पार्टना वीज पुरवणारा डबा) आणि कॅबिनेट ठरतं. प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम हे त्रिकूट वेगळं, ते तिघं एकमेकांशी बांधलेले. त्यांची खरेदी एकाच दिवशी करा, निदान यादी तरी एकाच दिवशी पक्की करा. त्यातला एकच स्वस्त मिळतोय म्हणून आधी उचलला की उरलेले दोघं तुमच्या हातात राहत नाहीत.

घरात जुना ६० हर्ट्झचा मॉनिटर आहे आणि तो बदलायचा नाही, असं असेल तर महागडं कार्ड घेऊन काय करणार? कार्ड सेकंदाला दीडशे चित्रं काढेल, मॉनिटर साठच दाखवेल.

कुठला प्रोसेसर कुठल्या बोर्डावर बसतो?

सॉकेट, म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसायची जागा, बघायचं. एएमडीचे सध्या दोन चालतात: एएम४ आणि एएम५. एएम४ म्हणजे रायझनच्या १००० ते ५००० मालिका, रॅम डीडीआर४. एएम५ सप्टेंबर २०२२ पासून, त्यावर ७००० पासून पुढचे रायझन, रॅम फक्त डीडीआर५. एएम४च्या प्रोसेसरला खालून पिना असतात, एएम५ला पिना बोर्डावर गेल्या. त्यामुळे हे दोन एकमेकांच्या जागी बसण्याचा प्रश्नच येत नाही.

इंटेलचं जरा किचकट आहे. एलजीए १७०० वर १२वी, १३वी आणि १४वी पिढी बसते. त्याआधीच्या १०व्या-११व्याला एलजीए १२००. आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या कोअर अल्ट्रा २०० मालिकेला एलजीए १८५१. गोंधळ होतो तो एलजीए १७०० वर, कारण त्याचे काही बोर्ड डीडीआर४चे आहेत आणि काही डीडीआर५चे. बी७६० चिपसेटचा (चिपसेट म्हणजे बोर्डावरची मुख्य चिप) एकच बोर्ड दोन्ही रूपांत मिळतो, खोका तोच, नाव तेच, फक्त शेवटी बारीक अक्षरात 'डी४' लिहिलेलं. मिरजेच्या मुलाचं नेमकं तिथंच चुकलं.

चिपसेटबद्दल थोडक्यात: इंटेलच्या 'के'वाल्या प्रोसेसरचं ओव्हरक्लॉकिंग (ठरलेल्यापेक्षा जास्त वेगानं चालवणं) करायचं तरच झेड मालिकेचा बोर्ड. नाहीतर बी मालिका पुरते. एच६१० वर रॅमचे दोनच स्लॉट असतात आणि रॅमचा वेगही अडतो, म्हणून गेमिंगसाठी मी तो सहसा देत नाही.

सॉकेट जुळतंय, तरी डिस्प्ले येत नाही. असं का?

बायोस जुनं. बायोस म्हणजे बोर्डातच भरलेला, पीसी सुरू करणारा प्रोग्रॅम. बी४५० बोर्ड २०१८ चा, रायझन ५००० मालिका २०२० अखेरची. आधी बनलेल्या बोर्डाला नंतर जन्मलेला प्रोसेसर ओळखता यावा लागतो. बी६६० बोर्डावर १४वी पिढी, किंवा बी६५० वर रायझन ९००० लावताना हाच प्रकार होतो. घेण्याआधी बोर्ड कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलच्या पानावर 'सीपीयू सपोर्ट' यादी असते. त्यात प्रोसेसरच्या नावापुढे बायोसची आवृत्ती लिहिलेली असते. ही यादी बघायला दोन मिनिटं लागतात आणि ती कुणीच बघत नाही.

काही बोर्डांना मागच्या बाजूला बायोस फ्लॅशबॅकचं बटण असतं. प्रोसेसर न लावताही पेन ड्राइव्हवरून बायोस बदलता येतं. पहिल्यांदाच जुळवणाऱ्यानं असलाच बोर्ड घ्यावा.

ग्राफिक कार्ड नंतर घेतलं तर तोवर पीसी चालेल का?

प्रोसेसरवर अवलंबून. इंटेलच्या नावाशेवटी 'एफ' असेल तर त्यात ग्राफिक्स नाही, स्क्रीन काळीच राहणार. रायझन ५ ५६०० मध्ये नाही, ५६००जी मध्ये आहे. ७६०० मध्ये कामापुरतं आहे, ७५००एफ मध्ये नाही. 'एफ' थोडा स्वस्त असतो, पण कार्ड बिघडलं की पीसी आंधळा होतो. कार्ड वॉरंटीला गेलं की पंधरा दिवस नुसतं बसून राहायचं. माझं मत, ती थोडी बचत करू नये.

आणि कार्ड लावल्यावर मॉनिटरची वायर कार्डाच्या पोर्टमध्ये लावा, बोर्डाच्या नाही. हसू नका. "कार्ड चालत नाही" म्हणून कुपवाडहून स्कूटरवर पीसी आणलेले लोक मी बघितलेत.

रॅम किती आणि कशी?

१६ जीबी किमान, जमलं तर ३२. एक मोठी काडी घेण्यापेक्षा दोन सारख्या काड्या घ्या, म्हणजे ड्युअल चॅनल (दोन्ही काड्या एकाच वेळी कामाला) चालतं आणि गेममध्ये फरक दिसतो. बोर्डाला चार स्लॉट असतील तर प्रोसेसरकडून मोजून दुसरा आणि चौथा. रॅमचा वेग डीडीआर४ असेल तर ३२०० किंवा ३६००, एएम५ असेल तर ६००० च्या आसपास. त्यानंतर बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅमला तिच्या छापील वेगावर चालवणारी सेटिंग) चालू करायला विसरू नका, नाहीतर पैसे ६००० चे दिले आणि रॅम ४८०० वर चालतेय असं होतं.

२०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव असे चढलेत की जुने कोटेशन घेऊन येणाऱ्यांना मला खाली बसवून पाणी द्यावं लागतं. एआयच्या सर्व्हरांनी मेमरी ओढून घेतली, झळ आपल्या टेबलापर्यंत आली. जुना एएम४ किंवा डीडीआर४चा एलजीए १७०० बोर्ड असेल आणि रॅम चांगली असेल तर ती ठेवून फक्त प्रोसेसर आणि कार्ड बदलायचा विचार जरूर करा.

कॅबिनेटसोबत ४५० वॅटचा एसएमपीएस फुकट मिळालाय. चालेल ना?

नाही. पुढचं जरा लक्ष देऊन वाचा.

एसएमपीएसच्या अंगावर एक तक्ता चिकटवलेला असतो. वरचा मोठा आकडा सोडा आणि १२ व्होल्टचा रकाना बघा. प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड यांची जवळपास सगळी भूक तिथूनच भागते. मध्यंतरी टेबलावर आलेल्या एका फुकट एसएमपीएसवर बाहेर ४५० लिहिलेलं आणि १२ व्होल्टखाली १६ अँपिअर. बारा गुणिले सोळा, १९२ वॅट. बाकीचे वॅट कागदावर. हातात घेतला तर वजन भडंगाच्या पुड्याएवढं. चांगला एसएमपीएस हाताला जड लागतो.

आता आपली गरज मोजू. आरटीएक्स ४०६० कार्ड ११५ वॅट, आरटीएक्स ३०६० चं १७०, आरटीएक्स ५०६० चं १४५, आरटीएक्स ४०७० चं २००. त्यात मध्यम प्रोसेसरचे ९०-१०० आणि बोर्ड, रॅम, पंखे, एसएसडी मिळून ५० धरा. ४०६० वाला पीसी अडीचशे-पावणेतीनशेच्या घरात येतो. पण कार्ड क्षणभरासाठी याहून बरंच जास्त खेचतं, म्हणून चांगल्या कंपनीचा ५५० वॅटचा घ्यायचा. ४०७० ला ६५०. त्याहून मोठा घेतला म्हणून बिल वाढत नाही. ७५० वॅटचा एसएमपीएस पीसीला लागेल तेवढीच वीज घेतो. तीन तास नेटानं खेळलात तर महावितरणचं साधारण एक युनिट.

८० प्लस ब्राँझ म्हणजे निम्म्या लोडला ८५ टक्के वीज कामी येते, उरलेली उष्णता होते. ब्राँझ आपल्याला पुरतं. गोल्ड घेतला तर छान, पण त्यासाठी कार्ड एक पायरी खाली आणू नका. ज्या एसएमपीएसवर कुठलाच शिक्का नाही, त्याला हात लावू नका.

वायरी कुठली कुठं?

बोर्डाला २४ पिनची मोठी. प्रोसेसरला वरच्या कोपऱ्यात ८ पिनची, ती ४+४ अशी फुटते. कार्डाची ८ पिन ६+२ अशी फुटते. दोन्ही दिसायला बहिणी, पण एकीच्या जागी दुसरी लावायची नाही. जोर लावावा लागत असेल तर थांबा, चुकतंय. कार्डाला स्लॉटमधून ७५ वॅट मिळतात, ६ पिन आणखी ७५ देते, ८ पिन १५०. नव्या मोठ्या कार्डांची १६ पिनची वायर शेवटपर्यंत आत गेली पाहिजे आणि कनेक्टरपाशीच मुरडायची नाही, नाहीतर तिथं तापते.

मॉड्युलर (वायरी काढता-घालता येणाऱ्या) एसएमपीएसबद्दल हात जोडून सांगतो: जुन्या एसएमपीएसच्या वायरी नव्याला लावू नका. बोर्डाकडचं टोक सगळ्यांचं सारखं असतं, एसएमपीएसकडचं नसतं. बसेल, टक् आवाजही येईल, आणि ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जातील. तासगावच्या एका गिऱ्हाइकाच्या दोन हार्ड डिस्क अशाच गेल्या. त्यातल्या एकीवर बहिणीच्या लग्नाचे फोटो होते.

जुन्या पीसीत नवं कार्ड बसेल का?

असेंबल केलेला असेल तर बहुतेक वेळा बसतं. कार्ड बसतं तो पीसीआयई स्लॉट जुन्या-नव्या पिढ्यांचं मागेपुढे चालवून घेतो. फक्त काही स्वस्त कार्डं कमी लेन (माहिती जायच्या-यायच्या वाटा) वापरतात. आरएक्स ६५०० एक्सटी चारच लेन वापरतं, ते तिसऱ्या पिढीच्या स्लॉटमध्ये लावलं तर चांगलंच मंदावतं. ४०६० आठ लेन वापरतं, त्याला तिथं थोडाच फटका बसतो.

खरी अडचण ऑफिसातून निघालेल्या ब्रँडेड डब्यांची. ते स्वस्त मिळतात म्हणून पोरं घेतात. आत एसएमपीएस दोन-अडीचशे वॅटचा, बऱ्याचदा त्याचा कनेक्टरही त्या कंपनीचा स्वतःचा, म्हणजे बाजारातला एसएमपीएस लागत नाही. कॅबिनेट सडपातळ असेल तर अर्ध्या उंचीचंच कार्ड लागतं. तिथं वेगळी वायर न मागणारं जीटीएक्स १६५० किंवा आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीचं कार्ड, एवढाच रस्ता.

कॅबिनेट घेताना काय बघू?

तीन मापं. बोर्ड: एटीएक्स ३०५ × २४४ मिलिमीटर, मायक्रो एटीएक्स २४४ × २४४, मिनी आयटीएक्स १७० × १७०. मोठ्या कॅबिनेटमध्ये छोटा बोर्ड बसतो, उलट नाही. दुसरं माप कार्डाची लांबी. तिसरं कूलरची उंची. ही दोन्ही कॅबिनेटच्या माहितीत कमाल आकडा म्हणून दिलेली असतात. पुढं पंखा लावलेला असेल तर कार्डाच्या जागेतून साधारण २५ मिलिमीटर वजा करा.

पुढून सबंध काच असलेलं कॅबिनेट दुकानात फार देखणं दिसतं. एप्रिलमध्ये सांगलीचा पारा चाळिशीला टेकला की त्या काचेमागं कार्ड धापा टाकतं. पुढं जाळी असलेलंच घ्या आणि जाळी महिन्याला पुसा. मार्केट यार्डाजवळ राहणाऱ्या एकाच्या पीसीतून मी फिल्टर काढला तेव्हा तो पिवळाधमक होता, हळदीचा.

पूरपट्ट्यात घर असेल तर कॅबिनेट जमिनीवर ठेवू नका, आणि निघायची वेळ आली तर ते उचलून नेता येईल असं घ्या. २०१९ च्या पुरानंतर गाळानं भरलेले डबे किती आले ते आठवलं तरी नको वाटतं. पाण्यात गेलेल्याला वॉरंटी नसते.

एसएसडी कुठलीही चालते?

बोर्डावर एसएसडी आडवी बसते तो एम.२ स्लॉट बघा, २२८० माप म्हणजे २२ मिलिमीटर रुंद, ८० लांब, तेच बहुतेक ठिकाणी लागतं. एनव्हीएमई (वेगवान प्रकारची) घ्या. काही बोर्डांवर एम.२ स्लॉट भरला की एखादा साटा (हार्ड डिस्कच्या वायरीचा) पोर्ट बंद पडतो, ते मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. बाकी यात अवघड काही नाही.

जुना कूलर नव्या बोर्डावर?

एएम४चा बराचसा एएम५वर बसतो, फक्त स्वतःची मागची पट्टी आणणारे कूलर अडतात, कारण एएम५ची पट्टी काढता येत नाही. इंटेलमध्ये एलजीए १२०० चा कूलर १७०० वर थेट बसत नाही, भोकांचं अंतर ७५ मिलिमीटरवरून ७८ झालं. कंपनीकडून ब्रॅकेट मिळतो का विचारा.

एएम४चा कूलर काढताना मात्र सावध. प्रोसेसर आणि कूलरच्या मधली, उष्णता पुढं नेणारी पेस्ट वर्षानुवर्षांत गोंदासारखी घट्ट होते. सरळ वर ओढलं की कूलरला चिकटून प्रोसेसरही सॉकेटातून उपटून येतो, कडी लावलेली असली तरी. मग १३३१ पिनांतल्या पाच-सहा वाकलेल्या, आणि मी भिंग लावून मेकॅनिकल पेन्सिलच्या रिकाम्या नळीनं त्या एकेक सरळ करत बसतो. तर आधी दहा-पंधरा मिनिटं पीसी गेम लावून तापवा, बंद करून प्लग काढा, कूलर डावी-उजवीकडं हलकेच पिळा, सुटला की मग उचला.

"बॉटलनेक किती टक्के येईल?"

हा प्रश्न मला दिवसाला दोनदा येतो. बॉटलनेक म्हणजे एक पार्ट दुसऱ्याला अडवून धरतो ते. बॉटलनेक मोजून देणाऱ्या साइटवर जो टक्क्याचा आकडा दिसतो त्यावर विसंबू नका. एकाच पीसीत एका गेमला प्रोसेसर अडतो, दुसऱ्याला कार्ड. व्हॅलोरंटसारखा हलका गेम प्रोसेसरला दमवतो, मोठ्या चित्रांचे गेम कार्डाला. खेळताना कार्डाचा वापर ९५ टक्क्यांपुढं असेल तर तुमचे पैसे वसूल होतायत.

मुलगा म्हणतो अभ्यासासाठीच हवाय. खरं का हो?

इंजिनिअरिंगला असेल आणि थ्रीडी डिझाइन करत असेल तर निम्मं खरं.

आमच्याकडं इन्व्हर्टर आहे, मग यूपीएस कशाला?

काकू, इन्व्हर्टरवर एक बटण असतं, यूपीएस मोड आणि साधा मोड. साध्या मोडवर लाइट गेल्यावर बॅटरीवर यायला जो क्षण लागतो, तेवढ्यात पीसी बंद पडून पुन्हा सुरू होतो. यूपीएस मोडवर ठेवून बघा, आणि इन्व्हर्टर साइन वेव्हचाच (घरच्या लाइटसारखी सलग लहरींची वीज देणारा) हवा.

वेगळा यूपीएस घेणार असाल तर दुकानात सर्रास मिळणारा ६०० व्हीएचा साधारण ३६० वॅटच देतो. ऐन गेममध्ये लाइट गेली की तो किंचाळून बंद होतो. गेमिंग पीसी आणि मॉनिटर मिळून निदान १००० व्हीए घ्या. स्पीकर आणि राउटर त्यावर लावू शकता, लेझर प्रिंटर नको.

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. एसएमपीएस बदलून घेऊ का?

आधी घराचं अर्थिंग तपासा. गावभागातल्या जुन्या वाड्यांत तीन पिनचा सॉकेट असतो पण तिसऱ्या भोकामागं वायरच नसते. एसएमपीएसमधल्या फिल्टरचा किरकोळ प्रवाह जमिनीत जायला वाट नसली की तो कॅबिनेटच्या पत्र्यावर येतो. वायरमनला बोलवा. एसएमपीएस बदलून काही होणार नाही, नव्यालाही तेच होईल. आणि ज्यांनी तिसरी पिन कापून प्लग बसवलाय, त्यांनी आजच तो बदला.

सगळं जोडलं, पंखे फिरतात, स्क्रीन काळी. आता?

एएम५ किंवा डीडीआर५ असेल तर आधी चहा घ्या. पहिल्या वेळी बोर्ड रॅम तपासून जुळवून घेतो आणि त्याला काही मिनिटं लागतात. घाईनं बंद-चालू करत बसलात तर ते दर वेळी पहिल्यापासून सुरू होतं. त्यानंतरही काळीच असेल तर प्रोसेसरची ८ पिन वायर लावली का, रॅम दोन्ही बाजूंनी टक् होईपर्यंत बसली का, वायर कार्डाच्या पोर्टात आहे का, एवढं बघा. बोर्डावर चार बारीक दिवे असतील तर कुठला पेटून राहिलाय ते बघा: सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (कार्ड), बूट (विंडोज असलेली डिस्क). मला फोन करताना तेवढं सांगितलंत तरी अर्धं काम होतं.

सेकंडहँड काय घ्यावं?

प्रोसेसर, रॅम, कॅबिनेट बिनधास्त. अपवाद इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीचे मोठे आय७-आय९. त्यांच्यात जास्त व्होल्टेजमुळे अस्थिरता येत होती. २०२४ मध्ये इंटेलनं त्यावर मायक्रोकोडचा (बायोससोबत येणारी प्रोसेसरची दुरुस्ती) उपाय दिला आणि वॉरंटी दोन वर्षं वाढवली. पण आधीच बिघडलेला प्रोसेसर त्यानं बरा होत नाही. ग्राफिक कार्ड अर्धा तास गेम लावून, समोर बसून बघून मगच घ्या. एसएमपीएस सेकंडहँड नको.

विंडोज १० चालेल ना?

त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप किंवा प्रोसेसरमधली तशी सोय) लागतं, इंटेलची आठवी पिढी किंवा रायझन २००० पासून पुढं ठीक. व्हॅलोरंटला ११ वर सिक्युअर बूटही (सुरू होताना फक्त ओळखीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सेटिंग) चालू लागतं, ते बायोसमध्ये असतं.

सांगलीत घेऊ, पुण्यातून आणू की ऑनलाइन?

भाव तिन्हीकडं विचारा, यादी मात्र एकच ठेवा. जीएसटीचं पक्कं बिल तुमच्या नावावर हवं, खोक्यावरचा सिरियल नंबर आणि पार्टवरचा एकच हवा. वॉरंटी भारतातली आहे का ते विचारा. परदेशातून भाच्यानं आणलेलं कार्ड बिघडलं की भाच्यालाच फोन करावा लागतो. ऑनलाइन घेतलं तर खोका उघडतानाचा व्हिडिओ काढा, सील दिसेल असा.

लायटिंगच्या वायरी कुठल्याही पिनांवर लावल्या तर चालतात का?

नाही. ३ पिनची लाइट ५ व्होल्टची, ४ पिनची १२ व्होल्टची. ५ वाली १२ वर जोर करून लावली की एकदाच पेटते.